हरवलेला रकाना : पडद्यावरील एका त्रुटीचा शोध आणि बोध

(देणगीदार व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही आपल्यापुढे शस्त्रक्रियांची संख्या, नवीन यंत्रसामग्री आणि जमाखर्चाची आकडेवारी ठेवतो. ती सर्व माहिती अहवालाच्या पुढील पानांत दिलेली आहेच. आज मात्र अहवाल वर्षात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी बोलण्याची परवानगी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे. चूक संगणकाच्या पडद्यावर दिसली, म्हणजे खरे तर दिसली नाही, आणि म्हणूनच तिची हकीकत आपणांस सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

आपणांस ठाऊक आहे की, रुग्णाचा प्रवेश, औषधभांडार, प्रयोगशाळा, देयके, हिशेब आणि वेतन ही सर्व कामे आपल्या रुग्णालयात एकाच संगणकीय प्रणालीवर चालतात. मोठ्या उद्योगसंस्था वापरतात तशीच ही प्रणाली असून ती रुग्णालयाच्या गरजेनुसार बदलून घेतलेली आहे. पावसाळ्यातील एका शनिवारी रात्री पुरवठादाराच्या तंत्रज्ञांनी तिची सुधारित आवृत्ती बसविली. रविवारी सर्व सुरळीत दिसले. सोमवारी सकाळी प्रवेश कक्षातील लिपिकाने रुग्णनोंदणीचा पडदा उघडला, तेव्हा त्यावर नाव, वय, पत्ता, संदर्भ डॉक्टर असे सर्व रकाने होते; फक्त ‘रुग्णवर्ग’ हा रकाना नव्हता.

हा रकाना लहान आहे, परंतु त्याचे महत्त्व मोठे आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या देयकांच्या एकूण रकमेतून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. रुग्ण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन येतो, ती पाहून लिपिक ‘रुग्णवर्ग’ या रकान्यात ‘निर्धन’ वा ‘दुर्बल घटक’ अशी नोंद करतो, आणि तेथून पुढे अनामत रक्कम मागू नये, देयक कोणत्या दराने काढावे, खर्च कोणत्या खाती टाकावा, हे सर्व प्रणाली आपोआप ठरविते. रकान्यात काहीच भरले नाही, तर प्रणाली रुग्णास ‘सर्वसाधारण’ समजते.

सोमवारी तो रकाना कोणी भरू शकले नाही. म्हणून त्या दिवसापासून आलेला प्रत्येक निर्धन रुग्ण प्रणालीच्या लेखी सर्वसाधारण झाला. कोणी त्यांना नाकारले नाही, कोणी उद्धटपणे बोलले नाही. पडद्याने प्रश्नच विचारला नाही, एवढेच घडले.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. संगणकाचे शिक्षण आमच्या महाविद्यालयीन काळात नव्हते. त्यामुळे हा प्रकार आम्ही आमच्या ओळखीच्या भाषेत समजून घेतला, आणि तसाच आपणांस सांगतो. जुन्या हिशेबात रोजकीर्दीतील प्रत्येक नोंदीसमोर खातेपानाचा क्रमांक लिहीत असत. रोजकीर्दीत ‘खा. पा. ४२’ असे लिहिले आहे आणि खतावणी उघडून पाहावी, तर तिच्यात बेचाळिसावे पान नाही, अशी कल्पना करावी. खतावणी नवी बांधताना ते पान राहून गेले असेल, मजकूर तोच ठेवून पानाचा क्रमांक बदलला असेल, किंवा पान तेथेच असून कपाटाची किल्ली आपल्याकडे नसेल. कारकून तिन्ही वेळा एकच वाक्य बोलेल : ‘पान सापडत नाही.’ संगणकही तेच बोलतो. स्क्रीनवरील प्रत्येक रकान्याला, बटणाला व तक्त्याला आतून एक नाव दिलेले असते. आज्ञावली त्या नावाने त्याला हाक मारते. त्या नावाचे कोणी उत्तर दिले नाही, की ‘घटक सापडला नाही’ असा संदेश उमटतो.

ही अडचण आमच्याच प्रणालीत आहे, असे नव्हे. १९७२ साली जर्मनीत स्थापन झालेल्या एसएपी या कंपनीच्या उद्योगप्रणालीत प्रत्येक पडद्याला चार अंकी क्रमांक असतो आणि तो विशिष्ट आज्ञावलीशी जोडलेला असतो. आज्ञावलीने मागितलेल्या क्रमांकाचा पडदा तेथे नसेल, तर काम थांबते आणि ‘डायनप्रो नॉट फाउंड’ या नावाची त्रुटी नोंदली जाते. ऑरॅकल फॉर्म्समध्ये ‘एफआरएम-४०१०५’ हा संदेश आला, तर त्याचा अर्थ, ज्या घटकाचा उल्लेख झाला आहे, त्याचा ठावठिकाणा लागत नाही, असा असतो. आपली प्रणाली या दोहोंपैकी नव्हे. परंतु दोष शोधण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे, असे आम्हांस नंतर उमगले.

ती रीत समजण्यापूर्वी तीन दिवस वाया गेले, हे आम्ही कबूल करतो. सोमवारी लिपिकाने संगणक विभागास दूरध्वनी केला. ‘यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा’ असे उत्तर मिळाले. तसे करूनही रकाना आला नाही. खिडकीसमोर रांग वाढत होती. तेव्हा लिपिकाने एक पळवाट काढली. ‘शेरा’ या मोकळ्या रकान्यात ‘दाखला पाहिला, निर्धन’ असे तो लिहू लागला. त्याचा हेतू उत्तम होता. परंतु शेरा माणसाने वाचावयाचा असतो. देयक काढणारी आज्ञावली तो वाचत नाही. देयक कक्षात वेगळाच प्रकार चालू होता. तेथील लिपिकाने ‘सवलत’ हे बटण दाबले, की इंग्रजी संदेशाची चौकट उघडत असे. ‘ठीक आहे’ वर टिचकी मारली, की चौकट मिटत असे आणि पूर्ण रकमेचे देयक छापले जात असे. संदेशात काय लिहिले आहे, हे तीन दिवस कोणी उतरवून घेतले नाही.

गुरुवारी दुपारी एक बाई थेट आमच्या खोलीत आल्या. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका गावाहून त्यांनी आपल्या यजमानांना सोमवारी येथे दाखल केले होते. कुटुंब ऊसतोडीवर जाणारे. हाती तहसीलदारांचा दाखला आणि आमच्याच रुग्णालयाचे पूर्ण दराचे देयक होते. त्या म्हणाल्या, “साहेब, खिडकीवरचे दादा म्हणतात, सवलतीचा रकाना दिसत नाही. पण दाखला तर माझ्या हातात आहे.”

या वाक्यास आमच्याकडे उत्तर नव्हते. देयक आम्ही तेथेच बाजूला ठेवले, यजमानांची नोंद हाताने दुरुस्त करण्यास सांगितले, आणि मग प्रवेश कक्षात जाऊन पडद्यासमोर बसलो.

त्या दुपारी केलेला शोध क्रमाने सांगतो, कारण कोणत्याही कार्यालयात तो उपयोगी पडेल. पहिले काम म्हणजे संदेश जसाच्या तसा, त्याच्या क्रमांकासह आणि वेळेसह कागदावर उतरविणे. दुसरा प्रश्न : अडचण एकाच यंत्रावर आहे की सर्व यंत्रांवर? त्याच लिपिकाने शेजारच्या यंत्रावर स्वतःच्या नावाने प्रवेश केला. रकाना तेथेही नव्हता. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. एखाद्या यंत्रात पडद्याची जुनी प्रत साठून राहिली असती किंवा मॉनिटर लहान असल्याने रकाना खाली दडला असता, तर हा फरक लगेच दिसला असता. तिसरा प्रश्न : अडचण एकाच व्यक्तीस आहे की सर्वांस? कार्यालय अधीक्षकांनी त्याच यंत्रावर आपल्या नावाने प्रवेश केला, आणि रकाना पडद्यावर हजर झाला.

रकाना नष्ट झालेला नव्हता. सुधारित आवृत्तीत लिपिकांच्या अधिकारांची यादी नव्याने तयार झाली होती आणि तिच्यात हा रकाना पाहण्याचा अधिकार समाविष्ट करावयाचा राहून गेला होता. एखाद्याला अधिकार नसला, की पुष्कळ प्रणाली ‘तुम्हांस अधिकार नाही’ असे न सांगता तो घटक गुपचूप लपवितात. पाहणाऱ्यास वाटते की तो घटक अस्तित्वातच नाही. अधिकार दिल्यावर प्रवेश कक्षातील पडदा पूर्ववत झाला.

आम्ही समाधानाने उठलो आणि देयक कक्षात गेलो. तेथे ‘सवलत’ दाबताच तोच संदेश पुन्हा आला. एका दोषामागे दुसरा दोष उभा होता. पहिला सापडला, म्हणून शोध थांबविला असता, तर दुसरा तसाच राहिला असता. आता चौथा प्रश्न विचारला : शेवटचे सुरळीत काम केव्हा झाले आणि त्यानंतर नेमके काय बदलले? पुरवठादाराकडून बदलांची लेखी यादी मागविली. तिच्यातील एका ओळीत उत्तर होते. नव्या आवृत्तीत ‘रुग्णवर्ग’ हा रकाना पहिल्या टॅबवरून दुसऱ्या टॅबवर हलविला होता आणि त्याचे आतील नावही बदलले होते. पुरवठादाराची मूळ आज्ञावली नव्या नावाने हाक मारीत होती. परंतु ‘सवलत’ हे बटण काही वर्षांपूर्वी आम्ही आपल्या रुग्णालयासाठी खास लिहून घेतलेले होते. ते जुन्याच नावाने, जुन्याच जागी रकाना शोधीत राहिले. नवी आवृत्ती बसविताना अशा स्वतंत्रपणे जोडलेल्या भागांची यादी पुरवठादारापुढे ठेवावयास हवी होती. आम्ही ती कधी तयारच केली नव्हती.

दुरुस्ती तशी लहान होती. बटणाच्या आज्ञावलीतील जुने नाव बदलून नवे घातले, चाचणीच्या प्रतीवर तपासले, आणि रविवारी रात्री, काम कमी असताना, ती प्रत्यक्ष वापरात आणली. तोपर्यंत सवलतीच्या रुग्णांची देयके लिपिकांनी हाताने तयार केली. ‘घटक सापडला नाही’ ही चौकटच दिसू नये, अशी तात्पुरती सोय करण्याचाही प्रस्ताव आला होता. तो आम्ही मान्य केला नाही. ती चौकट त्रासदायक असली, तरी चार दिवस खरे बोलणारी तेवढीच एक गोष्ट त्या कक्षात होती.

यानंतरचे काम तांत्रिक नव्हते, हिशेबाचे होते. सोमवार ते गुरुवार किती निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांना सर्वसाधारण ठरविले गेले? प्रणालीस विचारून उपयोग नव्हता, कारण तिला ते माहीतच नव्हते. सुदैवाने आपले वैद्यकीय समाजसेवक आजही एक हस्तलिखित नोंदवही ठेवतात. काही वर्षांपूर्वी आम्हीच ती बंद करण्याचे सुचविले होते. त्यांनी ऐकले नाही, याबद्दल आज त्यांचे जाहीर आभार मानतो. त्या वहीतील नावे आणि संगणकातील नावे समोरासमोर ठेवून ताळमेळ घेतला. वहीत चौदा नावे होती, संगणकात पाच, आणि ही पाच सुद्धा शनिवारपूर्वी नोंदलेली. लिपिकाने ‘शेरा’ या रकान्यात लिहिलेले शब्द ताळमेळास उपयोगी पडले, हेही नमूद करतो. उरलेल्या नऊ रुग्णांपैकी चार जण घरी गेले होते. समाजसेवक स्वतः त्यांच्या गावी जाऊन रक्कम आणि विश्वस्तांच्या सहीचे दिलगिरीचे पत्र देऊन आले. इतर पाच जणांची नोंद व देयके येथेच दुरुस्त केली.

आमच्या खोलीत आलेल्या बाईंनाही अनामत रक्कम परत केली. ती रक्कम त्यांनी कोठून आणली होती, हे तेव्हा समजले. योजनेनुसार त्यांच्याकडून अनामत घ्यावयाचीच नव्हती. परंतु सोमवारी प्रणालीने ती मागितली आणि लिपिकाने मागितली. पावसाळ्याचे दिवस म्हणजे पुढील हंगामाच्या ऊसतोडीचे करार होण्याचे दिवस. मुलगा व सून त्याच संध्याकाळी मुकादमाकडे गेले आणि एका कोयत्याची उचल घेऊन आले. धाकट्या नातवाच्या शाळेसाठी त्या वर्षी दोघांनी गावातच राहावयाचे ठरविले होते. ‘उचल परत करून टाका’ असे आम्ही सुचविले. बाई म्हणाल्या, “पैसे परत करता येतील, साहेब. शब्द दिला तो कसा परत घ्यायचा? पुढच्या वर्षी दारात कोण उभे करील?” रुग्णालयाने पैशापैकी पैसा परत केला. एक हंगाम मात्र परत करता आला नाही. आमच्या जमाखर्चात ही रक्कम दाखविण्यासाठी कोणतेही खाते नाही, म्हणून येथे बोलून दाखवितो.

आता प्रश्न उरतो, तो हा की, शनिवारी रात्री नवी आवृत्ती बसविताना चाचणी झाली नव्हती काय? झाली होती. चाचणीची यादी आम्हीच दिली होती आणि तिच्यावर आमची सही आहे. त्या यादीत रोख रक्कम भरणारा रुग्ण होता, विम्याचा रुग्ण होता, कंपनीकडून येणारा रुग्ण होता, बाह्यरुग्ण होता. निर्धन रुग्ण नव्हता. चाचणीही अधीक्षकांच्या नावाने झाली, लिपिकाच्या नावाने नव्हे. ज्यांच्याकडून रक्कम यावयाची, त्यांचा मार्ग आम्ही चार वेळा चालून पाहिला. ज्यांच्यासाठी हा विश्वस्त निधी स्थापन झाला, त्यांचा मार्ग एकदाही चालून पाहिला नाही. विम्याच्या रुग्णाचा रकाना गेला असता, तर विमा कंपनीचा दूरध्वनी सोमवारी सकाळी अकरापर्यंत आला असता. दाखला घेऊन येणारा माणूस दूरध्वनी करीत नाही. तो पैसे उभे करण्याच्या मागे लागतो. म्हणून पुरवठादारास आम्ही पत्र लिहिले असले, तरी मुख्य दोष आमच्या पदरात घेत आहोत.

या अनुभवानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने पुढील नियम लागू केले आहेत :

१. प्रणालीत कोणताही बदल प्रथम चाचणीच्या प्रतीवर करावा. चाचणीच्या यादीतील पहिला रुग्ण निर्धन आणि दुसरा दुर्बल घटकातील असावा. चाचणी प्रत्यक्ष काम करणाऱ्या लिपिकाच्या अधिकारानेच व्हावी.

२. आपण स्वतंत्रपणे जोडून घेतलेल्या प्रत्येक बटणाची, पडद्याची व अहवालाची यादी ठेवावी आणि नव्या आवृत्तीपूर्वी ती पुरवठादारास द्यावी.

३. पडद्यावर घटक दिसत नसल्यास, संदेश, वेळ, यंत्र व वापरणाऱ्याचे नाव त्रुटी-नोंदवहीत लिहावे. दुसरे यंत्र, दुसरा वापरकर्ता व अलीकडचा बदल या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी तपासाव्यात.

४. ‘रुग्णवर्ग’ रिकामा असल्यास प्रणालीने ‘सर्वसाधारण’ असे गृहीत न धरता थांबावे. हा बदल करून घेतला आहे.

५. समाजसेवकांची वही आणि संगणक यांचा ताळमेळ महिनाअखेरीस न घेता रोज संध्याकाळी घ्यावा.

६. प्रणाली बंद असो वा अपुरी असो, दाखला पाहून दिलेली सवलत कागदावरील नोंदीने त्याच क्षणी लागू होईल.

उपस्थित नातेवाइकांना या सहाव्या नियमाविषयी विशेष विनंती आहे. कोणत्याही खिडकीवर ‘संगणक घेत नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते अंतिम समजू नये. तळमजल्यावर समाजसेवकांची खोली आहे. तेथे दाखला दाखवून लेखी पोच घ्यावी. आमची खोलीही उघडी असते.

देणगीदारांस थोडे सांगून थांबतो. आपल्या औदार्यातून उभी राहिलेली डायलिसिस यंत्रे व शस्त्रक्रियागृहे आपणांस पाहता येतात. त्यांवर आपल्या आप्तांची नावे कोरलेली आहेत. चाचणीच्या प्रतीसाठी लागणारा वेगळा सर्व्हर आणि रोज संध्याकाळी ताळमेळ घेणारा एक कर्मचारी यांच्यावर नामफलक लावता येत नाही. आजवर हा खर्च आम्ही ‘पुढील वर्षी पाहू’ म्हणून पुढे ढकलीत आलो. या वर्षीच्या अंदाजपत्रकात तो प्रथमच स्वतंत्रपणे दाखविला आहे. त्या ओळीकडे आपली दृष्टी जावी, एवढीच प्रार्थना.

गेल्या महिन्यात त्या बाईंचे यजमान तपासणीसाठी पुन्हा येऊन गेले. प्रकृती ठीक आहे. खिडकीवर लिपिकाने दाखला मागितला, ‘रुग्णवर्ग’ भरला आणि विनामूल्य केसपेपर हातात दिला. अर्धा मिनिट लागला असेल. रुग्णालयाचे काम व्यवस्थित चालले आहे, असे आम्ही आपणांस सांगतो, तेव्हा आमच्या मनात हाच अर्धा मिनिट असतो.